भगवंतराव दूध सोडतात

भगवंतराव गावंडे यांनी दूध सोडलं ते एका गुरुवारी सकाळी, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीला ते दुपारच्या आत कळलं. शनिवारी कचेरीत कळलं. पुढच्या आठवड्यात अंजनगावला त्यांच्या लेकीच्या सासरी कळलं, पण तिथे पोचेपर्यंत बातमीचं भलतंच काही झालं होतं. ते पुढे येईलच.

माणूस तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. तालुक्याच्या एका कचेरीत नऊ वर्षं तात्पुरता कारकून. दर मार्चअखेर त्यांची नोकरी संपायची आणि एप्रिलात पुन्हा सुरू व्हायची, आणि मधले दोन दिवस ते घरात पाहुण्यासारखे बसायचे. अंगाने इतके किरकोळ की कोट घालून निघाले म्हणजे नुसता कोटच चालत येतोय असं वाटे. कोट मात्र भारी. काळ्या अल्पाकाच्या एकाच थानातून शिवलेले दोन होते. त्यातला जुना विरला म्हणून पार्बताबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबाने, तो नत्थुजी गवळ्याच्या बायकोला देऊन टाकला. सगळं रामायण त्या कोटातून निघालं.

त्या गुरुवारी पार्बताबाईंच्या पायात काटा मोडला होता, म्हणून भगवंतराव स्वतः दुधाचा गंज घेऊन मोर्णा नदीच्या काठी नत्थुजीच्या गोठ्यावर गेले. उभ्या जन्मात त्यांनी दूध फक्त गंजात पाहिलं होतं. नत्थुजी भुरी म्हशीची धार काढत होता आणि भुरी पुढ्यातलं आपलं वगार, म्हणजे रेडकू, चाटत होती. वगार मोठं शहाणं. जराही हलत नव्हतं. भगवंतराव कौतुकाने जवळ गेले तर वगाराच्या पायाच्या सांध्यातून कुटार, म्हणजे कडब्याचा भुसा, बाहेर आलेलं.

वगार दोन महिन्यांपूर्वीच मेलं होतं. पोर दिसल्याशिवाय भुरी पान्हा सोडत नव्हती, म्हणून नत्थुजीने त्याच्या कातड्यात कुटार भरून ते आईपुढे उभं केलं होतं. पोट फाटलं होतं तिथे काळ्या अल्पाकाचं मोठं ठिगळ. डोळ्याच्या जागी बटण. चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं. तो टवका भगवंतरावांनी मोहरमच्या सुट्टीत दाराच्या कडीत अडकून स्वतः उडवला होता.

"कोट बरा कामी आला जी तुमचा," नत्थुजी म्हणाला. "तेवढंच ठिगळ चाटते पाहा. मायचा जीव हाये."

भगवंतराव रिकामा गंज घेऊन परत आले. आपलंच बटण आपल्याकडे टक लावून पाहत होतं, ही गोष्ट बायकोला कशी सांगावी हे त्यांना रस्ताभर सुचलं नाही.

"आजपासून दूध बंद," ते म्हणाले. "दही, ताक, लोणी, तूप, समदं बंद. त्या मुक्या जनावराले फसवून आपण पिऊन राहिलो."

पार्बताबाई पाय धरून बसल्या होत्या. "आन चहा?"

चहाचा विचार भगवंतरावांनी केला नव्हता. त्यांनी रिकामा गंज खाली ठेवला. "चहाही," ते शेवटी म्हणाले, पण आवाज आधीसारखा राहिला नव्हता.

गल्लीला त्यांच्या दयेबद्दल काही म्हणायचं नव्हतं. गल्लीला काळजी पडली ती त्यांच्या हाडांची, कारण ती आधीच दिसत होती.

"जवस खा जी, जवस," शेजारच्या माणिकबाई म्हणाल्या. "आमचा मामा जवसाच्या चटणीवर शहाण्णव वर्सं जगला."

"मंग कायनं गेला?"

"आगगाडीखाली. त्याचा जवसाशी काई संबंध नाई."

सूर्यभान मास्तर पेन्शनीत निघाल्यापासून शिकवायला कोणी मिळत नसे. ते पाट घेऊनच आले. त्यांचं मत उडदाचं. उडीद खाल्लेला माणूस हाताने भिंत ढकलतो, असं त्यांनी दोन तास पटवून दिलं. भगवंतरावांना कोणतीही भिंत ढकलायची नव्हती, पण तसं म्हणायला मास्तरांनी जागा ठेवली नाही. आठवडाभर घरात उडदाचं वरण, उडदाचे वडे आणि मास्तरच.

शहाणा सल्ला दिला तो पलीकडच्या कुलसुमबीने, भिंतीवरून. "भाऊ, इतकं डोकं कायले खपवता? बाळंतिणीले काय खाऊ घालते? खारीक, खोबरं, डिंक, अळीव. ते खा. तिले तर दोन जीव पोसा लागतात, तुमचा तर एकच हाये, तो बी अर्धा."

सल्ला इतका चांगला होता की घोटाळा त्यातूनच झाला.

पार्बताबाई लंगडत गोवर्धन वाण्याकडे गेल्या आणि डिंक, अळीव, सुंठ, खारीक, खोबरं घेऊन आल्या. गोवर्धनने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त हसला, आणि सुंठेचा एक कुडका वरून टाकला. दुसऱ्या दिवशी माणिकबाई गाभुळलेली चिंच देऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी विहिरीवर बायांनी पार्बताबाईंच्या हातातून घागर काढून घेतली. पायातल्या काट्यामुळे त्या सावकाश, कमरेवर हात ठेवून चालत, त्याने उरलासुरला संशयही फिटला. पार्बताबाईंचं वय शेहेचाळीस.

आठव्या दिवशी अंजनगावहून लेक शकुन आली. हातात हिरव्या केळीचा घड, डोळे सुजलेले. "माय, मी आता सासूले तोंड कसं दाखवू? मायी नणंद हासून राहिली."

पार्बताबाईंनी लाडवांचा डबा आणून तिच्यापुढे आदळला. "हे घे. तुया बापाचं डोहाळजेवण हाये."

तुपाशिवाय ते लाडू वळले नव्हतेच. भगवंतराव ते वाटीत घेऊन चमच्याने खात. शकुनने बापाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि केळी तिथेच ठेवून संध्याकाळच्या मोटारीने परत गेली. भगवंतरावांनी त्यातलं एक केळंही कित्येक दिवस खाल्लं नाही. अपमान पचायला वेळ लागतो.

अशा वेळी नागपूरहून हुकूम आला. वऱ्हाडातल्या जुन्या तात्पुरत्या कारकुनांना कायम करायचं. नऊ वर्षं भगवंतराव ज्या कागदाची वाट पाहत होते तो कागद हेडक्लार्क खुशालरावांनी त्यांच्या हातात ठेवला, आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं की उमेदवाराने महिन्याभरात अमरावतीला सरकारी डॉक्टरांपुढे हजर व्हावं आणि त्याचं वजन एकशे पाच रत्तलांहून कमी नसावं. कमी भरल्यास नाव यादीतून कमी.

वजन करायचं कुठे? ताहेरमियाच्या दुकानात. ताहेरमिया सरकी आणि ढेप, म्हणजे जनावरांची पेंड, विकत, आणि त्यांच्या तराजूत पोतंच्या पोतं मावे. भगवंतराव एका पारड्यात मांडी घालून बसले, दुसऱ्यात ढेपेच्या वड्या चढू लागल्या. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीला वाटलं कोणाचा तुळाभार चाललाय. तिने हात जोडून भगवंतरावांच्या पारड्यात एक नारळ ठेवला. तो उतरवून पुन्हा वजन करावं लागलं.

"अठ्ठ्याण्णव," ताहेरमिया म्हणाले. "सात रत्तल कमी. म्हणजे भाऊ, साडेतीन शेर समजा. माणसाच्या अंगावर साडेतीन शेर म्हणजे लई होते."

मग ते जे बोलले ते सहज बोलले. "तसं पाहिलं तर म्हशीच्या दुधात तरी काय असते? हेच. सरकी अन ढेप. इकून टाका, तिकून दूध काढा."

भगवंतराव कचेरीतले माणूस. अर्ज थेट साहेबाकडे जात असेल तर मधे टेबल कशाला, हा विचार त्यांच्या डोक्यात नऊ वर्षं होताच. तो आता म्हशीला लागू पडला. त्यांनी सरकी भिजवली, वाटली, गाळली. पांढरंशुभ्र पाणी निघालं. त्याचा चहा केला आणि नेमके त्या वेळी आलेल्या खुशालरावांनाही दिला. दोन दिवस कचेरीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

तिसऱ्या दिवशी खुशालराव आले ते पडलेल्या चेहऱ्याने आणि फॉर्म घेऊन. "आहार, असा रकाना हाये. शाकाहारी का मांसाहारी? तुमचं काय लिहू?"

"शाकाहारी."

"शाकाहारी मी हावो. मी दूध पितो. तुमी पीत नाई. मी शाकाहारी तर तुमी कोण?"

यावर वाद घालण्याची ताकद दोघांतही उरलेली नव्हती. खुशालरावांनी वर पत्र पाठवून तिसऱ्या रकान्याची परवानगी मागितली. वरून पंधरा दिवसांनी उलट टपाली विचारणा आली: 'अर्जदारास चारा लागतो काय, खुलासा करावा.' ते वाचून भगवंतरावांनी कागद उलटा करून ठेवला. खुशालरावांनी मात्र थंडपणे शेरा मारला, 'लागत नाही', आणि कागद पुढे सरकवला.

सरकी सुटली तरी तिळाची ताजी ढेप राहिली. गुळाबरोबर ती खरंच छान लागे. भगवंतराव दोन वड्या कोटाच्या खिशात टाकून कचेरीत जात आणि टेबलाखाली हात नेऊन खात. पण वजन सरकेना. पंधरा दिवसांत शंभर. पाच रत्तल अजून बाकी, आणि दिवस तेरा.

त्याच सुमाराला मोकाट कुत्र्यांनी नत्थुजीच्या गोठ्यात शिरून कुटाराचं वगार ओढून नेलं आणि नदीच्या पात्रात फाडून टाकलं. भुरीने दूध चोरलं. पहिल्या दिवशी एक शेर दिलं, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. गल्लीत सोळा घरं आणि सगळ्यांचं दूध नत्थुजीकडून. सकाळी लोक काळा चहा घेऊन ओट्यावर बसले आणि भगवंतरावांकडे असे पाहू लागले की जणू कुत्रे त्यांनीच पाठवले.

तिसऱ्या दिवशी भगवंतराव कोट घालून कचेरीत निघाले आणि समोरून नत्थुजी भुरीला पाण्यावर नेत होता. भुरी थबकली. तिने मान उचलून वास घेतला, नत्थुजीच्या हाताला झटका देऊन सरळ भगवंतरावांवर आली, आणि त्यांना माणिकबाईच्या भिंतीशी दाबून कोट चाटू लागली. डावी बाजू, खिशाच्या खाली. ढेपेच्या खिशाला तिने तोंडसुद्धा लावलं नाही. त्याच थानाचं कापड, त्याच अंगाचा वास. तीन महिने तिने तेच तर चाटलं होतं.

"हलू नोका जी," नत्थुजी कुजबुजला. "पान्हावून राहिली."

खरंच, भर गल्लीत धार लागली होती. माणिकबाई गंज घेऊन धावल्या. कुलसुमबीने परात दिली, कारण हाताशी तीच होती. सूर्यभान मास्तर धोतर सावरत आले आणि भगवंतरावांना उभं कसं राहावं ते शिकवू लागले. भगवंतरावांच्या टोपीपासून कोटाच्या काठापर्यंत सगळं ओलं झालं होतं, आणि ज्या दुधावर त्यांनी पाणी सोडलं होतं ते त्यांच्याच जिवावर परातीत वाजत होतं.

पार्बताबाई दारातून पाहत होत्या. "बस," त्या म्हणाल्या. "आता कुटार भरा लागन तेवढंच बाकी राहिलं."

संध्याकाळी गल्ली भगवंतरावांच्या ओट्यावर जमली. सकाळ-संध्याकाळ पाव घटका म्हशीपुढे उभं राहावं, एवढीच विनंती. भगवंतराव ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे कोणी अर्ज घेऊन आलं होतं.

"माया दोन अटी," ते म्हणाले. "कुटाराचं वगार पुन्हा करायचं नाई. आन नत्थुजी, पुढच्या वेताले जे वगार होईन त्याले दोन सड पूर्ण सोडायचे. त्याचं झाल्यावर गल्लीचं."

नत्थुजीने डोकं खाजवलं. "दोन सड लई होते जी."

"मंग राहू दे."

"नाई, नाई. सोडतो."

"पण भाऊ," ताहेरमियांनी विचारलं, "ती आता बी फसूनच राहिली ना?"

भगवंतरावांना हा प्रश्न दिवसभर छळत होता. "मी जिता हावो," ते म्हणाले. "ती मले चाटते, मी तिची मान खाजवतो. यात फसवणूक कायची? ओळख हाये." स्वतःलाच ते पूर्ण पटलं नव्हतं, पण त्यापेक्षा बरं उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हतं.

त्यानंतर गल्लीला आपल्या दुधाच्या चाव्या कुठे आहेत ते कळलं आणि भगवंतरावांची हाडं सार्वजनिक मालमत्ता झाली. रोज एका घरातून ताट येई. तुरीच्या घुगऱ्या, तिळाची पोळी, अंबाडीची भाजी आणि भाकर, जवसाची चटणी तेल घालून, फोडणीचे हरभरे, कुलसुमबीचा खोबऱ्याच्या दुधातला अळिवाचा सांजा. जनावराला खुराक घालताना जो हात सैल सुटतो तसा सगळ्यांचा हात सुटला होता. पहाटे नदीवर जाऊन येण्याने भूकही कडकडून लागे. शकुनची केळीसुद्धा गेली, काळी पडली होती तरी.

ठरल्या दिवशी भुरीची धार आटोपून भगवंतराव गाडीत बसले. भाकरीची शिदोरी बडनेऱ्याला गाडी बदलतानाच संपली. अमरावतीला डॉक्टरसाहेबांनी काट्यावर उभं केलं. एकशे सात.

भगवंतराव हसले. डॉक्टर म्हणाले, "कोट काढा."

कोट काढला. एकशे चार.

डॉक्टरांनी कोट हातात तोलला. "यात काय आहे?"

"ढेप."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी. म्हणजे, थोडी म्हशीसाठी."

डॉक्टरांनी फाइल उघडली. चाऱ्याच्या विचारणेचा कागद वरच होता. तो त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. "एक रत्तल कमी आहे. मी कमी लिहिणार नाही आणि जास्तही लिहिणार नाही. तीन वाजता पुन्हा बघू. तेवढा वेळ देतो."

बाहेर चपराशाने कानात सांगितलं, "अर्धा शेर दूध मारा जी. समोरच हाये. झालं एक रत्तल."

समोरच्या दुकानात कढईत दूध आटत होतं. पिवळी साय कडेला जमली होती. भगवंतरावांनी फुलपात्र भरून घेतलं आणि बाकावर बसले. त्यांना पार्बताबाई दिसल्या, कायमपणाचा कागद दिसला, मार्चअखेरचे ते दोन दिवस दिसले. फुलपात्र ओठांपर्यंत गेलं. दुसऱ्या हाताने त्यांनी कोट मांडीवर ओढला तर डावी बाजू अजून दमट होती. सकाळी भुरीने आज जरा जास्तच चाटलं होतं. गाडी चुकेल म्हणून ते मागे सरकले तशी ती दावं ताणून पुढे आली होती.

त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. गेलं, म्हणाले, नऊ वर्षं गेली. तोंडाला कोरड पडली म्हणून दुकानदाराला म्हणाले, "पाणी द्या जी."

दुकानदाराने लोटा दिला. चांगला अर्ध्या शेराचा.

भगवंतराव लोट्याकडे पाहत राहिले. अर्धा शेर पाण्याचं वजनही अर्धा शेरच असतं, हे नऊ वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला कळायला पाऊण तास लागला होता. त्यांनी एक लोटा प्यायला. मग खात्रीसाठी दुसरा. मग कचेरीच्या अनुभवाने तिसरा, कारण सरकारी कामात काही ना काही कापलं जातंच.

तीन वाजता काटा एकशे सातावर गेला, कोटाशिवाय. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. त्यांनी डोळे तपासायला घेतले. वरची ओळ वाचा. मधली वाचा. आता उलटी वाचा. भगवंतरावांनी ती एका पायावर वाचली.

"पाय का हलवताय?"

"सवय आहे."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग पोटाला. बराच वेळ ऐकलं. "मोर्णेला पूर आलाय वाटतं."

भगवंतरावांनी पाय बदलला.

"समोर दूध होतं. पाणीच का?"

"दूध सोडलं साहेब."

डॉक्टरांनी टाक बुडवला आणि आहाराच्या रकान्यात दोन्ही शब्द खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दूध वर्ज्य. प्रकृती उत्तम. चारा लागत नाही.' खाली सही केली. "पोटात काय असावं याबद्दल नियमात काही नाही," ते म्हणाले. "जा आता. मागच्या अंगाला, उजव्या हाताला."

संध्याकाळी भगवंतराव गल्लीच्या तोंडाशी आले तर सोळा घरांची माणसं उभी. त्यांनी कोट नीट केला, कागद बाहेर काढला आणि हाराची वाट पाहिली. सगळ्यांच्या हातात गंज होते.

"या जी लवकर," नत्थुजी म्हणाला. "संध्याकाळची धार खोळंबली."

कागद पाहिला तो फक्त पार्बताबाईंनी, गोठ्यात, कंदिलाशी धरून. त्यांना वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि पदराला डोळे पुसून गुळाचा काळा चहा त्यांच्या हातात दिला. सगळ्या गल्लीला दूध देऊन स्वतः कोरा चहा पिणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्याला भुरी मान लांब करून चाटत होती.

जाताना नत्थुजीने मुठीतून काहीतरी दिलं. नदीच्या वाळूत सापडलेलं बटण. चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईंनी ते कोटाला लावलं. डाव्या बाजूला, खिशाच्या खाली, जिथे त्याचा कोटाला काही उपयोग नव्हता.